चौकटीबरोबर एक कॅसेट

पहिल्या पाळीला जायचं म्हणजे उजाडायच्या आत उठावं लागतं. हिंगण्याच्या कारखान्यात आयुष्य गेलं, पण त्या उठण्याची सवय काही झाली नाही. कंपनीच्या बसमध्ये बसलो की डाव्या कानात बारीक शिट्टी सुरू होते आणि घरी येऊन पाठ टेकली तरी वाजतच राहते. कानाचा डॉक्टर म्हणाला, मशीनच्या आवाजामुळे आहे. मी त्याला सांगितलं नाही की मशीनच्या आधी कितीतरी दिवस त्या कानापाशी माझीच झांज होती. सांगून काय फरक पडणार होता? गोळ्या त्याच लिहून दिल्या असत्या.

तर मी एकेकाळी ड्रम वाजवायचो. आमचा चौघांचा बँड होता, रॉक म्हणतात तसला, आणि गाणी आमची स्वतःची. नव्वदच्या दशकात नागपुरात आमचा बँड आहे म्हटलं की समोरचा माणूस लग्नाची तारीख सांगायला लागायचा. तसला बँड नाही म्हटलं तर विचारायचा, मग करता काय तुम्ही?  बँडचं नाव आम्ही भांडून भांडून इतक्यांदा बदललं की शेवटचं नाव कोणतं, हे आज आमच्यातल्या कुणालाही खात्रीने सांगता येणार नाही. लोकांना फिल्मी गाणी हवी असायची. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आम्ही गात असतानाच दुसऱ्या माइकवरून कुणीतरी गेटात आडव्या लावलेल्या एका स्कूटरचा नंबर पुकारला. स्कूटर आमच्या बेस गिटारवाल्याची होती. तो गिटार खाली ठेवून गेला, गाणं त्याच्याशिवाय संपलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढी आमची कीर्ती.

हे सगळं आता उकरून काढण्याचं कारण म्हणजे आमच्या गाणाऱ्याच्या बायकोचा फोन. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, रविवारी दुपारी, मी नुकताच आडवा झालो होतो तेव्हा तो आला. गाणाऱ्याचा घसा बरेच दिवस बसलेला होता हे मला माहीत होतं. तपासणीत कॅन्सर निघाला हेही कळलं होतं. वहिनी म्हणाल्या, डॉक्टर सांगतात की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल, आत्ता काढलं तर माणूस वाचेल. आणि हा माणूस नाही म्हणतो. काढे पिईन, आणखी काय म्हणाल ते करीन, पण आवाज देणार नाही म्हणतो.

"भाऊजी, तुम्ही या एकदा," त्या म्हणाल्या. "मायं तर ऐकतच नाई, पोरीचंबी ऐकत नाई. तुमचं ऐकतीन."

माझं कधी कुणी ऐकलंय? ड्रमवाल्याचं तर बँडमध्येही कुणी ऐकत नाही, तो मागे बसलेला असतो. तरी मी येतो म्हटलं. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. या वयात मित्रांच्या आजारपणाच्या बातम्या इतक्या येतात की प्रत्येकाचं नव्याने वाईट वाटून घ्यायचं बळ उरत नाही. याचं मात्र वाटलं. आम्ही बाकीचे तिघं सुपारी-तंबाखूचा खर्रा गालात धरून मोठे झालो. याने कधी तोंडाला लावला नाही, उलट आम्हालाच व्याख्यानं दिली. त्याच्या घशात हे निघावं आणि माझं तोंड शाबूत राहावं, याचा मला रागच आला होता. कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

गाणाऱ्याचं दुकान लकडगंजात आहे. आता तिथे प्लायवूड मिळतं. तेव्हा तिथे त्याच्या वडलांचा लाकडाचा टाल, म्हणजे वखार होती आणि भिंतीपलीकडे त्यांचीच लाकूड कापायची आरा मशीन. सुट्टीच्या दिवशी आरा बंद असला की आम्ही सागवानाच्या ओंडक्यांमध्ये जागा करून प्रॅक्टिस करायचो. भुसा केसांत जायचा, ड्रमच्या कातड्यावर बसायचा, घामाला चिकटून अंगावर खपली होऊन वाळायचा. आई मला अंगणात झटकल्याशिवाय घरात घेत नसे.

त्या दिवसांतलं त्याचं एक गाणं होतं. वडील त्याला पहाटे आऱ्यावर नेण्यासाठी उठवायचे, त्या वैतागातून ते आलेलं. "मले उठवू नका, मी झोपून राहिलो" असं धृपद. आपल्या घरात बोलतात त्या बोलीत कुणी असं गाणं करू शकतो, हे आम्हाला तोवर माहीतच नव्हतं. पहिलं कडवं संथ होतं आणि मधलं त्याहून संथ. इतकं संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये मला जांभई यायची. त्याला तेच हवं होतं. मधल्या कडव्यात माणूस खरंच झोपला पाहिजे, असं तो मला दटावून सांगायचा. मी आयुष्यात पुष्कळ काही वाजवलं असेल-नसेल, पण ते कडवं वाजवताना मला वाटायचं की आपल्याला काहीतरी येतं.

मग आम्ही कॅसेट काढायचं ठरवलं. रेकॉर्ड करायचा डेक एका मंडपवाल्याकडून आणायचा होता आणि तो नेमका कामाच्या दिवशीच मोकळा होता. गाणाऱ्याच्या वडलांनी दुपारपर्यंत आरा बंद ठेवायचं कबूल केलं. सकाळी सगळं जुळून आलं. ते गाणं सुरू झालं, पहिलं कडवं कधी नव्हे ते बिनचूक गेलं, मधलं लागलं आणि तेवढ्यात कुहीकडचं एक गिऱ्हाईक दारात आलं. घरी लग्न, दाराच्या चौकटी कापून हव्या होत्या, गाडी बाहेर उभी. वडील धंदेवाले माणूस. दारातलं गिऱ्हाईक आणि भिंतीपलीकडचं गाणं यांत त्यांनी काय निवडलं असेल ते सांगायला नको. त्यांनी आऱ्याचं बटण दाबलं.

आऱ्याने लाकडात दात रोवले की आसपासचे सगळे बल्ब पिवळे पडायचे. आमच्या डेकची मोटरही तशीच मंदावली. मंद चालताना भरलेलं गाणं नेहमीच्या वेगाने वाजवलं की पळायला लागतं. त्यामुळे कॅसेटमध्ये मधलं कडवं एकदम अर्धी पट्टी वर चढतं, आवाज बारीक होतो, गाणं धावत सुटतं आणि लाकूड कापून झाल्यावर परत खाली बसतं. मागे आऱ्याची किंकाळी आहे. ऐकणाऱ्यांना ती आमची गिटार वाटायची आणि ती छान वाजवली असं दोघा-तिघांनी सांगितलंही. आम्ही वाजवताना कुणीच थांबलो नव्हतो, कारण इतकं चांगलं पुन्हा जमेल याची कुणालाच खात्री नव्हती. संध्याकाळी डेक परत गेला. पुढच्याच महिन्यात लीड गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला गेला. जे भरलं गेलं तेच राहिलं.

बर्डीच्या बाजारातल्या एका दुकानातून आम्ही कॅसेटच्या प्रती करून घेतल्या. दुकानदारांनी त्या काही दिवस विकायला ठेवून परत केल्या आणि खोकी टालात पडून राहिली. गाणाऱ्याच्या वडलांची एक जुनी रीत होती. चौकट विकत घेणाऱ्याला ते वरून काहीतरी द्यायचे. मूठभर खिळे, बिजागऱ्यांची जोडी, कधी पॉलिशची डबी. आता ते प्रत्येक चौकटीबरोबर एक कॅसेट देऊ लागले. "पोराचं गाणं हाय, टेपात टाकजा," असं म्हणत खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या हातात ठेवायचे. मला वाटतं, त्यात त्यांचा थोडा अभिमानही होता. गाणाऱ्याला मात्र ते लागलं. बिजागऱ्यांऐवजी आपलं गाणं जातंय, आणि तेही बिघडलेलं, हे त्याने बरेच दिवस मनात धरून ठेवलं. खोकी रिकामी झाली तोवर त्याचं गाणंही बंद झालं होतं. पुढे लग्न झालं तेव्हा बायकोला एवढंच सांगितलं की कॉलेजात थोडंफार गायचो. घरात ती कॅसेट त्याने कधी लावली नाही.

मी दुकानात गेलो तेव्हा तो गल्ल्यावर बसला होता. आवाज असा झालेला की दरवाजा फरशीवर घासतोय असं वाटावं. त्याने चहा मागवला आणि मी काही बोलायच्या आत म्हणाला की तू काहून आला थे मले माहीत हाय. मग मीही आडपडदा ठेवला नाही. इतक्या वर्षांत तू एक ओळ गायला नाहीस, म्हटलं. गिऱ्हाइकाला प्लायचा भाव सांगायचा तर पाटीवर लिहून दे. पोरीचं लग्न व्हायचंय, वहिनी रात्रंदिवस झुरतात, आणि तू कशासाठी अडून बसलास?

त्याने चहाचा ग्लास बाजूला सरकवला.

"माह्यं एकच गाणं होतं बे," तो म्हणाला. "थे टेपात बिघडलं. बरोबर गाणं फक्त या गळ्यात हाय. गळा गेला का थे गेलं."

 हसावं, चिडावं, की त्याच्या पाठीवर हात ठेवावा? त्यातलं काहीच मी केलं नाही. चहा संपवला, घरी आलो आणि वहिनींना फोन करून सांगितलं की माझ्याच्याने झालं नाही. त्या रडल्या नाहीत, त्याचा मला जास्त त्रास झाला. मग म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात माझ्या भाच्याचं लग्न आहे कुहीजवळच्या आमच्या गावी. काही झालं तरी या वेळी त्यांना नेणार, बोलता येतंय तोवर सगळ्यांशी बोलून घेऊ दे. गाडी तुम्ही चालवा. हा गडी सासरच्या लग्नांना दुकानाचं निमित्त सांगून वर्षानुवर्षं दांडी मारत आलेला. या वेळी मात्र निमूटपणे आला. मला वाटलं, त्याने मनातल्या मनात निरोप घ्यायला सुरुवात केली आहे.

लग्न दुपारचं होतं. ऊन असं की बोलायलाही तोंड उघडावंसं वाटत नव्हतं. नवरदेव मारुतीच्या दर्शनाला निघाला होता आणि वरात गावातून सरकत होती. आम्ही दोघं मांडवात कूलरसमोर खुर्च्या ओढून बसलो होतो. पुढे धुमाल चालू होती. आमच्याकडे वरातीत नगारे, ढोल आणि टेम्पोवर ठेवलेला कॅसिओ यांचा जो दणदणाट असतो त्याला धुमाल म्हणतात. त्याने डावा कान आणखी वाजायला लागतो म्हणून मी त्यात रुमाल कोंबला होता. उजवा उघडा होता. त्या उघड्या कानात एक चाल शिरली आणि माझा पाय माझ्या आधी हलला.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो खुर्चीत ताठ झाला होता.

पहिलं कडवं गेलं. मधलं आलं आणि कॅसिओ एकदम अर्धी पट्टी वर चढला, नगारे धावत सुटले, आणि सगळी वरात, म्हातारे, बायका, नवरदेवाचे मित्र, जणू याचीच वाट पाहत असल्यासारखी उड्या मारायला लागली. कडवं संपताच सगळं परत खाली बसलं. जिथे आरा लाकडात शिरला होता तिथेच वर चढलं आणि बाहेर निघाला तिथेच उतरलं. इतक्या वर्षांपूर्वी लकडगंजात एका माणसाने दाबलेलं बटण त्या गावच्या रस्त्यावर अजून दाबलेलंच होतं.

तो उठला आणि भर उन्हात टेम्पोकडे चालत गेला. मीही मागे गेलो. कॅसिओवाला चाळिशीचा असेल, शर्ट घामाने अंगाला चिकटलेला. गाणं थांबल्यावर याने त्याला सांगितलं की मधलं कडवं चुकीचं वाजवून राहिले तुम्ही, थे हळू हाय. त्या माणसाने आधी ऐकू येत नाही म्हणून कान पुढे केला, मग नीट ऐकून घेतलं. आमच्या उस्तादाने असंच शिकवलं, तो म्हणाला. त्यांच्या घरी याची कॅसेट होती, दारांबरोबर आली होती म्हणे. इथे पळवलं नाही तर वरात नाचत नाही.

"गाणं माह्यं हाय," हा म्हणाला.

"सगळ्यायचंच हाय, काका," तो माणूस म्हणाला. त्यात टिंगल नव्हती. म्हाताऱ्या पाहुण्यांना गायची हौस असते हे त्याच्या सवयीचं असावं. त्याने माइक काढून याच्या हातात दिला.

तो गायला. त्या घासलेल्या, तुटलेल्या आवाजात गायला, आणि मला लाज न वाटता सांगावंसं वाटतं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्या कडव्यात धुमालवाल्यांनी त्याला सांभाळून घेतलं. मधलं आलं तसा तो संथ झाला, जितका पूर्वी व्हायचा तितका. नगारेवाले बावरले. थोडे ठोके त्यांनी त्याच्यासाठी अडवून धरले, नाचणारे हात वर करून तसेच थांबले. पण हातांची सवय किती अडवणार? एकाचा नगारा सुटला, त्यामागे दुसरा, मग कॅसिओ चढला आणि वरात उड्या मारत पुढे निघाली. टेम्पोही सरकला. माइकची वायर ताणली गेली, तेव्हा त्याला तो सोडून द्यावा लागला.

तो रस्त्याच्या मधोमध उभा होता. बायकांच्या घोळक्यातून वहिनी धापा टाकत आल्या, पदराने तोंड पुसत. हे तुमचं होतं का, त्यांनी विचारलं. मी तर माहेरच्या प्रत्येक लग्नात यावर नाचत आले. त्याने मान डोलावली. मग मी त्याला सावलीत आणून पाणी दिलं.

परतताना तो पुढे माझ्या शेजारी बसला होता आणि मागे वहिनी झोपल्या होत्या. दोन्हीकडे धानाच्या रिकाम्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, तापत पडल्या होत्या. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की सोमवारी डॉक्टरकडे जाऊ. मी गाडी हळू केली आणि विचारलं, काय झालं?

"थे माह्याशिवाय जगून राहिलं," तो म्हणाला. "आता मलेबी त्याच्याशिवाय जगता येते का पाहू."

मला आनंद व्हायला हवा होता. ज्या कामासाठी मला बोलावलं होतं ते काम झालं होतं, माझ्या हातून नसेल, पण झालं होतं. तरी मला फक्त थकल्यासारखं वाटलं. त्या संथ कडव्याचं वाईट वाटत होतं. ते कुणालाच नको होतं, हे आता त्यालाही कळलं होतं.

ऑपरेशन झालं. मी तिसऱ्या, रात्रीच्या पाळीत बदली मागून घेतली आणि दुपारी त्याच्यापाशी बसायला लागलो, म्हणजे वहिनींना घरी जाऊन अंघोळ-जेवण करता येईल. त्याच्या गळ्याला भोक होतं, नाकात नळी होती आणि उशाशी शाळेतली पाटी-पेन्सिल होती. तो पाटीवर फार लिहायचा नाही. पाणी, पंखा, दुखते, एवढंच. दुखणं त्याला झोपू देत नव्हतं. औषधाने गुंगी यायची, झोप यायची नाही, आणि तो छताकडे बघत पडून राहायचा. वहिनी मला दारातच विचारायच्या, झोपले का? मी नाही म्हणायचो.

एका दुपारी त्याने पेन्सिल घेतली, पण लिहिलं काही नाही. पाटीच्या लाकडी कडेवर टकटक करायला लागला. मी ओळखलं. पहिलं कडवं नीट गेलं. मधलं आलं आणि पेन्सिल पळायला लागली, वरातीत ऐकली तशीच. आयुष्यभर ज्या चुकीचा राग केला तीच आता त्याच्या बोटांत उतरली होती. कदाचित तो थट्टा करत असेल, कदाचित त्याने हार मानली असेल. त्याचा चेहरा औषधाने सुजलेला, काही कळायला मार्ग नव्हता.

मी पलंगाच्या दांडीवर हात ठेवला. ठरवून काही केलं नाही. माझ्या हाताने आपला जुना ठोका धरला, ओंडक्यांमध्ये बसून धरायचो तो. एक ठोका, मग इतकी मोकळी जागा की जांभई यावी, मग दुसरा. इतक्या वर्षांत मी तो एकदाही वाजवला नव्हता आणि तो जसाच्या तसा होता. माझ्याकडे तो आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पेन्सिल अडखळली, थांबली. त्याने मान न हलवता डोळे माझ्याकडे वळवले. मी वाजवत राहिलो. काही वेळाने पेन्सिल माझ्या ठोक्यावर आली, संथ, आणखी संथ, आणि मग दोन ठोक्यांच्या मध्ये कुठेतरी ती त्याच्या हातातून गादीवर गळून पडली. त्याचे डोळे मिटले होते. गळ्यातल्या भोकातून श्वास एका लयीत येत होता.

मी हात काढला नाही. मलाही झोप येत होती. तेवढ्यात वहिनी डबा धुऊन, औषधाची वेळ झाली म्हणून घाईघाईने आत आल्या आणि त्याला हलवायला वाकल्या.

"उठवू नका, वहिनी," मी म्हटलं. "झोपून राहिला तो."